तेरा मिनिटांत तीन डाव

सुगंधा परब दर शनिवारी चार तास ज्या माणसासमोर बसायची, त्याचं तोंड बघायची तिला उरलेल्या आठवड्यात अजिबात इच्छा नसायची. हा माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर नंदू. मुलुंड पूर्वेच्या ब्रिज क्लबात ही दीर-भावजयीची जोडी दुपारी दोनला टेबलाच्या उत्तर-दक्षिणेला बसायची आणि सहाला उठायची. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नव्हती.

ब्रिजमध्ये हे जमतं. अबोला धरायला याच्याइतका सोयीचा खेळ माणसाने अजून काढलेला नाही. चौघं बसतात, समोरासमोरचे पार्टनर. आपली जोडी किती हात करणार आणि हुकूम कुठला, याची बोली लागते, आणि ती बोलीसुद्धा तोंडाने लावायची नसते. प्रत्येकाच्या कोपऱ्याला एक पेटी अडकवलेली असते. तिच्यातून 'एक बदाम' किंवा 'तीन इस्पिक' किंवा हिरवा 'पास' काढून टेबलावर ठेवायचा. बोली संपली की पानं खेळायची, तीही गुपचूप.

पेटीच्या मागच्या खणात एक लाल 'स्टॉप'चं कार्ड असतं. कुणी मध्येच उडी मारून मोठी बोली लावणार असेल, तर त्याने ते आधी दाखवायचं, म्हणजे पुढचा खेळाडू जरा दम खातो. सुगंधाने त्याचा वेगळाच उपयोग काढला होता. एक डाव संपला की त्याची चिरफाड करत बसायची नंदूला खोड होती. "वैनी, तुम्ही राजा आधी टाकला असतात तर..." असा तो सुरू झाला की ती त्याच्याकडे न बघताच लाल कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरायची. स्पर्धा संपेपर्यंत मागच्या डावाबद्दल अवाक्षर नाही, असा तिचा नियम होता आणि नंदू तो मुकाट्याने पाळायचा. क्लबातली माणसं हसायची. अर्थात दोघं बोलत होती तेव्हाची ही गोष्ट.

"बोलत नाहीस तर त्याच्याशी खेळतेस कशाला गं?" असं शेजारच्या निशाने एकदा स्पष्टच विचारलं होतं. सुगंधा म्हणाली होती, "त्याच्याइतकी पत्त्यातली अक्कल असलेला दुसरा माणूस ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत दाखव, लगेच बदलते." हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला नंदूच्या तोंडाकडे बघायचं होतं. पोलीस संशयिताला समोर बसवतात आणि तो कधी घसरतो याची वाट बघतात, तशी ती आठवड्यातून चार तास, वर्षाला पन्नास शनिवार, त्याच्यासमोर ठाण मांडून बसत होती. तिला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत नंदूने फोन बघितला होता की नाही?

त्या दिवशी क्लबाची वार्षिक जोडी स्पर्धा होती. सुगंधाचा नवरा शिवदास घाटकोपरला, पंतनगरच्या घरी होता. शिवदासला ब्रिज डोळ्यांसमोर नको असायचा. त्याचे वडील गिरणीतून आल्यावर चाळीच्या गॅलरीत मेंढीकोट खेळायचे, भावाने बँकेच्या कँटीनमध्ये ब्रिज उचलला आणि बायकोने टेलिफोन खात्यात. मधल्यामध्ये हा एकटाच कोरडा राहिला. शनिवारी बायको आणि भाऊ नटूनथटून निघाले की त्याच्या कपाळावर आठी चढायची, आणि मोठी स्पर्धा असली की हमखास छातीत दुखायचं. एकदा अंधेरीला उपांत्य फेरी चालू असताना निरोप आला म्हणून सुगंधा पत्ते टाकून धावत घरी पोचली, तर हा टीव्हीवर मॅच लावून बटाटवडा खात बसलेला. "गॅस होता, गेला," म्हणाला. पुढच्या शनिवारी टॅक्सीत ती नंदूला म्हणाली होती, "भावोजी, पुन्हा असल्या निरोपाला मी टेबलावरून उठणार नाही. लिहून ठेवा."

तर त्या शनिवारी शिवदासच्या छातीत खरंच दुखलं. निशा त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेली. सुगंधाचा फोन बंद होता, कारण क्लबात शिरताना सगळे फोन दाराजवळच्या टोपलीत टाकावे लागतात आणि सुगंधा टाकण्याआधी तो बंदच करते. नंदू नुसता आवाज बंद करतो. म्हणून निशाने त्याला निरोप टाकला. पाच वाजून बारा मिनिटं. 'शिवदासदादांना हॉस्पिटलात नेतेय. वैनींना लगेच पाठवा.' पाच दहा ते पाच वीस चहाची सुट्टी होती, आणि सुट्टीत टोपलीकडे जायला कुणाला मनाई नव्हती.

पाच वीसला शेवटचा राउंड सुरू झाला. तो संपल्यावर नंदू टोपलीकडे गेला, फोन घेऊन आला आणि म्हणाला, "वैनी, आत्ता बघितलं. दादाला हॉस्पिटलात नेलंय." निशाच्या फोनवर निरोप वाचल्याची निळी खूण पाच पस्तीसला उमटली. विक्रोळीच्या ट्रॅफिकमधून टॅक्सी सहा दहाला पोचली. शिवदास सहाला गेला होता. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असं निशा म्हणाली. नंतर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं, पण बोलून गेली.

दहा मिनिटं. सुट्टीतच कळलं असतं तर सुगंधा सहाला दहा कमी असताना त्याच्याजवळ असती. तिने हा हिशेब इतक्या वेळा केला होता की झोपेतही तो तिला बरोबर येत असे. नंदू म्हणत होता की फोन राउंडनंतर बघितला, आणि निळी खूणही तेच सांगत होती. पण बाराव्याला भिंतीला टेकून बसलेल्या नंदूने तिच्याकडे एकदाही मान वर करून बघितलं नाही. समोरच्यापासून पत्ता लपवण्याचं कसब ज्या माणसाबरोबर ती सोळा वर्षं शिकली, त्याचं काहीतरी लपवणं तिला कळणार नाही, हे कसं शक्य होतं? त्या दिवसापासून तिने तोंड बंद केलं. त्यानेही कारण विचारलं नाही, म्हणून तिचा संशय आणखी घट्ट झाला.

आज पुन्हा वार्षिक स्पर्धा होती. हॉल तोच आणि दाराजवळची निळी टोपलीही तीच.

दोनला पाच कमी असताना श्रुतिका तिच्याकडे आली. ही क्लबातली सगळ्यात लहान सभासद, कॉम्प्युटरवाली. जुन्या स्पर्धांचे निकाल नव्या वेबसाइटवर चढवायचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

"काकू, एक धमाल दाखवू?" हातातला कागद पुढे करत ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीची स्पर्धा. टेबलावरच्या मशीनमध्ये आपण मार्क टाकतो ना, त्यात टाइमपण सेव्ह होतो. शेवटच्या राउंडला सगळ्यांना पंचवीस-पंचवीस मिनिटं लागलीत आणि तुमचे तीन डाव तेरा मिनिटांत! नंदूकाका आणि तेरा मिनिटं? मी तर फुटलेच. झकास ना?"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. सुगंधाने कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचला. पाच वीस. पाच तेहतीस.

नंदू हा पूर्व उपनगरांतला सगळ्यात संथ खेळाडू होता. साधा पास द्यायचा तरी त्याला दोन मिनिटं लागायची. ब्रिजचा एक नियम आहे. पार्टनर बोलीच्या वेळी थबकला, तर त्याच्या थबकण्यावरून त्याच्या हातात काय आहे याचा अंदाज बांधायचा नाही. बांधलेला दिसला तर समोरचे तक्रार करतात. कुंडलिक नावाचे एक निवृत्त इंजिनियर या तक्रारीसाठीच जन्माला आले होते. पण नंदूबाबत त्यांचीही डाळ शिजली नव्हती. स्पर्धेचा डायरेक्टर प्रितम याने एकदा सगळ्यांसमोर निकाल दिला होता, "नंदूकाका सगळ्यालाच थांबतात. त्यांच्या थांबण्याला काही अर्थ नसतो." तेव्हापासून क्लबात हा विनोदच झाला होता. चहात साखर किती, हे विचारलं तरी नंदू छताकडे बघायचा.

असा माणूस तीन डाव तेरा मिनिटांत उरकतो.

आणि मग सुगंधाला त्या राउंडचा शेवटचा डाव आठवला. तिला सगळेच डाव आठवायचे. समोरच्यांची चार इस्पिकची बोली होती आणि नंदूच्या हातात इस्पिकचीच पाच पानं, राजा-गुलामासकट. अशा वेळी नंदू दोन मिनिटं विचार करून 'डबल' ठेवायचा, म्हणजे बोली बुडली की दंड दुप्पट, आणि समोरच्यांची कंबर मोडायचा. त्या दिवशी त्याने ताडकन पास दिला. पहिली उतारी त्याची होती. हातात चौकटचा एक्का आणि राणी. ही दोन पानं धरून गप्प बसायचं असतं, म्हणजे समोरचा राजा आपसूक अडकतो. हे शिकाऊ पोरालाही कळतं. नंदूने एका सेकंदात एक्का टाकला, त्यावर लगेच राणी टाकली आणि समोरच्याच्या राजाला वाट करून दिली. बुडणारी बोली पार झाली. पहिल्या नंबरवर असलेली त्यांची जोडी पाचवर घसरली. सुगंधा त्या एक्क्यावरून त्याला फाडून खाणार होती, तेवढ्यात हॉस्पिटलचा निरोप आला आणि एक्का राहूनच गेला. तीन वर्षं ती समजत होती की नंदू त्या दिवशी वाईट खेळला.

तो वाईट खेळला नव्हता. त्याला लवकर संपवायचं होतं.

सुगंधाने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि नंदूसमोर जाऊन बसली. त्यानंतरचे सात राउंड ती अशी खेळली की बघणाऱ्यांना वाटावं, बाईच्या अंगात आलंय. तिने कुणालाच सोडलं नाही. एका वकीलबाईंची तीन बिनहुकूमची बोली अशी बुडवली की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सुगंधाला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत त्यांची जोडी पहिली होती. कुंडलिक आणि त्यांची पार्टनर रश्मी दुसरे होते. शेवटचा राउंड याच दोन जोड्यांत होता.

सुट्टीत नंदू कप घेऊन खिडकीशी उभा राहिला. सुगंधा टोपलीकडे गेली. पंचवीस-तीस फोन एकमेकांवर पडले होते. ती बघत असताना त्यातल्या एकाची काच उजळली. 'येताना ब्रेड आणि कोथिंबीर. विसरलात तर बघा.' तिने फोनला बोटही लावलं नव्हतं, आणि सगळा निरोप तिला वाचता आला. काच पुन्हा काळी झाली. निळी खूण निरोप उघडल्यावर उमटते, काचेवर वाचल्यावर नाही. तीन वर्षं तिला एवढं साधं कळलं नव्हतं, आणि या गोष्टीचाही राग तिने नंदूवरच काढायचं ठरवलं.

त्याला नुसतं विचारलं तर तो छताकडे बघून दोन मिनिटं घेईल आणि नाही म्हणेल. सुगंधाला तोंडी उत्तर नको होतं. तिला त्याचा चेहरा उघडा पाडायचा होता, आणि तो कसा पाडायचा हे तिला ठाऊक होतं. त्याचाच डाव त्याच्यासमोर मांडायचा.

शेवटचा राउंड सुरू झाला. कुंडलिक बसता बसता म्हणाले, "नंदूशेठ, आज जरा हात चालवा. आम्हाला जेवायला घरी जायचंय." रश्मी हसली. नंदूने पत्ते उचलले. सुगंधाने पानं लावून घेतली. मोठ्या पानांचे चौदा पॉइंट, किलवरचा एक्का-राणी, आणि बदामची चार भक्कम पानं. रश्मीने एक बदाम लावला, कुंडलिकांनी थेट चारवर नेला आणि बोली तिथे थांबली. बदामची अशी पानं हातात घेऊन सुगंधाने आयुष्यात पास दिला नव्हता. आता तिने हिरवं कार्ड असं आपटलं की टेबल हललं. नंदूने वर बघितलं. त्याच्या हातात फारसं काही नव्हतं, म्हणजे ताकद सगळी हिच्याकडे असणार, एवढं त्यालाही कळत होतं. डबल का नाही?

उतारी तिची होती. कुणाचा श्वास पुरा व्हायच्या आत तिने किलवरचा एक्का टाकला.

कुंडलिक डमी होते. त्यांनी आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडली. त्यात किलवरचा राजा नव्हता. बोली आणि डमीची पानं बघता नंदूकडे तो असणं शक्य नव्हतं. म्हणजे रश्मीकडे होता. सुगंधाने हात उचलला आणि तितक्याच झटक्यात किलवरची राणी टेबलावर आपटली.

रश्मीने राजा टाकून ती राणी मारली. "थँक यू हं," ती गोड आवाजात म्हणाली.

तिने पुढची उतारी केली, सुगंधाचं आणि डमीचं पान पडलं, आणि आता पान टाकायची पाळी नंदूची होती. तो टाकेना. तो सुगंधाकडे बघत होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने नजर खाली घेतली नाही. त्याने एक्का ओळखला होता. राणीसुद्धा ओळखली होती. सुगंधाला ते दिसलं. सापडला.

"वैनी," नंदू म्हणाला.

सुगंधाने पेटीतलं लाल कार्ड खसकन ओढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. आता तू गप्प बस. आता मी बोलणार. हेच तिला म्हणायचं होतं, पण त्याआधीच नंदूचा चेहरा असा काही पडला की ती थांबली.

"हेच," तो म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा हेच दाखवलंत."

"डायरेक्टर!" कुंडलिक ओरडले. "डावात पार्टनर बोलतायत! प्रितम, इकडे ये!"

"तुम्ही गप्प बसा हो," सुगंधा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "भावोजी, तुम्ही फोन बघितला होतात. चहाच्या सुट्टीत."

"हो."

एवढंच. दोन मिनिटं नाहीत, छत नाही. ज्या शब्दासाठी तिने दीडशे शनिवार घालवले होते, तो त्याने तळहातावर ठेवावा तसा सहज देऊन टाकला.

"काचेवर आला होता निरोप," नंदू म्हणाला. "वाचला. आत आलो तर तुम्ही पत्ते मोजत होतात. मी म्हटलं, वैनी, जरा... आणि तुम्ही हे कार्ड धरलंत. तुम्हाला वाटलं, मागच्या डावाचं उगाळतोय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"मग?" सुगंधाचा आवाज हॉलभर गेला. शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले. "कार्ड दाखवलं म्हणून तोंड शिवलं गेलं तुमचं? कुक्कुलं बाळ आहात? भाऊ मरत होता तुमचा!"

"मला ठाऊक नव्हतं मरतोय ते."

"मग बोललात का नाही?"

नंदूने हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली. बँकेत तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाच्या तोंडून मग घरातली मालवणी बाहेर आली, जी तो फक्त आईशी बोलायचा.

"माका बरा वाटला, वैनी. खोटा कित्याक सांगू. आपण पयले होतो. वाटला, गॅसच असतलो, नेहमीसारखो. तुमी कार्ड दाखवल्यात आणि माका सुटल्यासारखा झाला." तो थांबला. "मग पानं हातात घेतली तर काही दिसेचना. नुसता तो निरोप दिसायला लागला. लवकर संपवूया, एवढंच. जे पान हाताला लागलं ते टाकत गेलो."

सुगंधाला वाटलं, उठावं आणि याच्या मुस्कटात भडकवावी. तिच्याकडे वाक्यं तयार होती. तीन वर्षं भांडी घासताना, बाजारात, बँकेच्या रांगेत तिने ती घोटून ठेवली होती. माझी दहा मिनिटं खाल्लीस, हे त्यातलं सगळ्यात साधं. बाकीची चारचौघांत उच्चारण्यासारखी नव्हती. ती आता सगळी एकदम तोंडाशी आली आणि तिथेच अडकली, कारण तिला त्या राउंडचा पहिला डाव आठवायला लागला.

तिला सगळेच डाव आठवायचे. इस्पिकची राणी, नव्वा. बदामची सहा पानं. चौकट एकच. तेरा पानं मोजून झाली होती आणि ती बोली ठरवत होती. एक बदाम लावायचा की दोन. डोक्यात फक्त तेवढंच होतं. समोरून काहीतरी आवाज आला, माशी आल्यासारखा. आणि मग पानांच्या पंख्याच्या वर, डोळ्यांच्या कडेला, लाल रंग. तो रंग तिच्याच हातात होता. त्याच्याकडे न बघता तिने तो तसाच धरून ठेवला होता, समोरचा आवाज बंद होईपर्यंत. मग कार्ड पेटीत टाकून तिने एक बदाम लावला होता.

आता तेच कार्ड पुन्हा तिच्या हातात होतं. तिने ते खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण बोटं सुटेनात.

प्रितम येऊन टेबलापाशी उभा राहिला. कुंडलिक त्याला नियमाचा नंबर सांगत होते. "पार्टनरला बोलून माहिती दिली, प्रितम, सरळसरळ. डाव रद्द करा आणि मार्क आम्हाला द्या."

"कसली माहिती दिली?" प्रितमने विचारलं.

कुंडलिकांनी रश्मीकडे बघितलं. रश्मी पत्ते छातीशी धरून खाली बघत होती. मघाच्या थँक यूची तिला आता लाज वाटत असावी.

"भावोजी," सुगंधा म्हणाली. मग तिने ते टाकून दिलं. हा पोरगा अठरा वर्षांचा होता तेव्हा ती लग्न होऊन चाळीत आली होती आणि तेव्हा ती त्याला नुसती नंदू म्हणायची. "नंदू. हे बघ माझ्याकडे."

नंदूने बघितलं.

"मी कार्ड दाखवलं नसतं, आणि तू बोलला असतास. वैनी, दादाच्या छातीत दुखतंय, हॉस्पिटलात नेलंय. तर मी उठले असते?"

नंदू छताकडे बघायला लागला.

"घ्या! आता हे विचार करणार!" कुंडलिक म्हणाले. प्रितमने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

नंदू सगळ्यालाच थांबतो. पास द्यायला थांबतो, साखरेला थांबतो. त्याच्या थांबण्याला काही अर्थ नसतो, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं आणि पार्टनरच्या थांबण्यावरून अंदाज बांधायचा नाही, हा नियम सुगंधाला तोंडपाठ होता. फोन बघितलास का, याला मात्र तो थांबला नव्हता.

लाल कार्ड हातात धरून सुगंधा वाट बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच सव्वीस झाले, मग सत्तावीस. नंदू अजून विचार करत होता.